छापलेले बोल, गायलेले बोल आणि हरवलेला कागद : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : माझ्याकडे पिंक फ्लॉइड या रॉक वाद्यवृंदाच्या ‘द वॉल’ या दोन तबकड्यांच्या अल्बमची जुनी प्रत आहे. आतल्या पाकिटावर ‘व्हॉट शॅल वी डू नाऊ?’ या गाण्याचे बोल छापलेले आहेत, परंतु ते गाणे तबकडीवर कुठेच नाही. ‘हे यू’चे बोलही भलत्याच ठिकाणी आहेत. माझी प्रत सदोष आहे का?

उत्तर : आपली प्रत सदोष नाही. उलट, 1979च्या अखेरीस हा अल्बम किती घाईत पूर्ण झाला, याचा पुरावाच आपल्या हाती आहे. वेष्टनाची छपाई आणि तबकडीचे उत्पादन ही दोन वेगळी कामे असतात आणि ती वेगवेगळ्या ठिकाणी चालतात. छापखान्याला मजकूर आधी द्यावा लागतो. ध्वनिफितीवर मात्र तबकडीसाठी कटिंग, म्हणजे खाचा कापण्याचे काम, होईपर्यंत फेरफार करता येतात. या दोन मुदतींमधल्या काळात एखादा निर्णय बदलला, तर कागद एक सांगतो आणि तबकडी दुसरेच ऐकवते.

‘व्हॉट शॅल वी डू नाऊ?’ वगळले गेले ते बाजूची लांबी वाढत असल्यामुळे. तबकडीच्या एका बाजूवर साधारण वीस-बावीस मिनिटांपेक्षा जास्त संगीत बसवायचे झाले, तर खाचा दाटीने कापाव्या लागतात आणि ध्वनिमुद्रणाच्या आवाजाची पातळी खाली आणावी लागते. म्हणून त्या जागी ‘एम्प्टी स्पेसेस’ हे त्याच चालीचे छोटे गाणे ठेवण्यात आले. ‘हे यू’ची हकीकत निराळी आहे. ते तिसऱ्या बाजूच्या शेवटी येणार होते, पण निर्माता बॉब एझ्रिनने तिसरी बाजू नीट जुळत नसल्याचे सांगितल्यावर वाद्यवृंदाचा सदस्य रॉजर वॉटर्सने ते तिच्या आरंभी आणले. हा निर्णय फार उशिरा झाला आणि त्यामुळेच बोल चुकीच्या जागी छापले गेले, असे वॉटर्सने स्वतः एका मुलाखतीत सांगितले आहे. ‘द शो मस्ट गो ऑन’चे बोलही ताडून पाहावेत, त्यात एक कडवे छापलेले आहे, पण गायलेले नाही.

वगळलेले गाणे ऐकण्याची इच्छा असेल, तर ते या अल्बमवरच्या 1982च्या चित्रपटात आहे आणि 1980-81च्या कार्यक्रमांच्या ध्वनिमुद्रणांवरून 2000 साली निघालेल्या ‘इज देअर एनीबडी आउट देअर?’ या संचातही आहे. छापील पान समोर ठेवून ते एकदा अवश्य ऐकावे. मुळात या अल्बममधल्या कथेचा धागा कसा विणला होता, हे त्या पानावरून जितके कळते तितके तबकडीवरून कळत नाही, असे माझे मत आहे.

प्रश्न : त्याच अल्बमच्या दोन प्रती माझ्यापाशी आहेत. एकीच्या मुखपृष्ठावर वाद्यवृंदाचे नाव नाही, नुसत्या विटा आहेत. तिच्या श्रेयनामावलीत दोन सदस्यांची नावेही दिसत नाहीत. ही प्रत बनावट असेल का?

उत्तर : एवढ्यावरून तिला बनावट ठरवता येणार नाही. आरंभीच्या प्रतींवर नाव आणि शीर्षक पारदर्शक चिकटपट्टीवर होते, पुठ्ठ्यावर नव्हे. वरचे प्लास्टिक फाडले की बहुतेकांकडून ती पट्टीही गेली. निक मेसन आणि रिचर्ड राइट यांची नावे सुरुवातीच्या छपाईत खरोखरच नव्हती; ती नंतरच्या छपाईत घालण्यात आली. म्हणजे जे अपुरे वाटते, तेच येथे अधिक जुने असण्याची शक्यता आहे.

प्रश्न : लेड झेपेलिनच्या चौथ्या अल्बमच्या माझ्या प्रतीत फक्त ‘स्टेअरवे टू हेवन’चे बोल मिळाले. बाकीच्या सात गाण्यांच्या बोलांचा कागद हरवला असावा का?

उत्तर : असा कागद मुळात नव्हताच. 1971 सालच्या या अल्बमच्या आतल्या पाकिटावर त्या एकाच गाण्याचे बोल छापले गेले. त्यासाठीचे जुन्या वळणाचे अक्षर वाद्यवृंदाचा गिटारवादक जिमी पेज याला ‘द स्टुडिओ’ या जुन्या कलाविषयक नियतकालिकात सापडले होते. ज्या अल्बमच्या मुखपृष्ठावर ना शीर्षक ना वाद्यवृंदाचे नाव, त्यात एकाच गाण्याला शब्द मिळावेत, ही निवड जाणीवपूर्वक केलेली होती. आर.ई.एम. या वाद्यवृंदानेही 1988च्या ‘ग्रीन’ या अल्बममध्ये केवळ ‘वर्ल्ड लीडर प्रिटेंड’चे बोल छापले होते. म्हणून काही हरवले असे ठरवण्यापूर्वी ते मुळात होते का, हे आधी पाहावे. झेपेलिनच्या अल्बमबाबत खरा धोका वेगळा आहे. ते बोल पुठ्ठ्यावर नसून आतल्या कागदी पाकिटावर आहेत, त्यामुळे पाकीट फाटल्यावर कोणी त्या जागी कोरे पाकीट घातले असेल, तर त्या एका गाण्याचे शब्दही गेलेले असतात.

प्रश्न : बीटल्सच्या ‘सार्जंट पेपर्स’ची 1967ची ब्रिटिश प्रत ‘पूर्ण’ आहे असे विक्रेता सांगतो. पूर्ण म्हणजे काय काय असायला हवे?

उत्तर : संपूर्ण बोल वेष्टनावर छापणाऱ्या सुरुवातीच्या रॉक अल्बमांपैकी हा एक महत्त्वाचा अल्बम आहे. ते मागच्या बाजूला लाल पार्श्वभूमीवर असल्यामुळे पुठ्ठा शाबूत असेल तर ते हरवण्याचा प्रश्नच येत नाही. तपासायचे ते आतल्या वस्तूंचे. ‘द फूल’ या कलाकारांच्या गटाने रेखाटलेले, लाल-गुलाबी छटांच्या लाटा फिकट होत जाणारे आतले पाकीट सुरुवातीच्या प्रतींत होते; पुढे साधी पाकिटे आली. त्याशिवाय मिशा, बिल्ले, हुद्द्याच्या पट्ट्या अशा कापून काढायच्या आकृत्यांचा एक जाड कागद होता. तो मुलांनी कापावा म्हणूनच दिलेला असल्यामुळे अखंड मिळणे स्वाभाविकच अवघड आहे. नंतरच्या आवृत्त्यांमध्येही तो पुन्हा छापला गेला आहे. त्यामुळे कागदाचा पोत, कडांचा जुनेपणा आणि तबकडीचे वय एकमेकांशी जुळतात का, हे पाहावे.

तबकडीच्या लेबलाजवळच्या कोऱ्या भागात कोरलेला मॅट्रिक्स क्रमांक अवश्य वाचावा. मोनो प्रतीवर तो एक्सईएक्स 637 आणि 638, तर स्टिरिओवर वायईएक्स 637 आणि 638 असा असतो, आणि त्यापुढचा आकडा कटिंगची आवृत्ती सांगतो. वेष्टन एका प्रतीचे आणि तबकडी दुसऱ्या प्रतीची, अशी जोडणी जुन्या बाजारात फार आढळते आणि ती या क्रमांकावरूनच उघड होते. आणखी एक खूण कानांनी पडताळता येते. ‘अ डे इन द लाइफ’ संपल्यावर ब्रिटिश तबकडीच्या अंतिम खाचेत एक अतिउच्च स्वर आणि निरर्थक बडबडीचा तुकडा आहे, जो सुई आपोआप उचलली न जाणाऱ्या यंत्रावर अखंड फिरत राहतो. त्या वर्षीच्या अमेरिकी प्रतींत हा तुकडा नव्हता. 1987च्या सीडीवर तो काही वेळा वाजून विरत जातो.

प्रश्न : तबकडीवर बोल होते, मात्र सीडीच्या पुस्तिकेत ते नाहीत. असे का होते?

उत्तर : पहिले कारण जागेचे आहे. सुमारे 31 सेंटीमीटर बाजूच्या वेष्टनावरचा मजकूर 12 सेंटीमीटरच्या पानावर आणायचा, तर क्षेत्रफळ साडेसहा पटींहून अधिक घटते. अक्षरे वाचता येणार नाहीत इतकी लहान तरी होतात, किंवा पाने तरी वाढवावी लागतात. सीडीच्या आरंभीच्या वर्षांत अनेक पुनर्प्रकाशने एकाच घडीच्या कागदावर भागवली गेली. दुसरे कारण हक्कांचे आहे. ध्वनिमुद्रणाचा हक्क एकाकडे असतो, तर शब्दांचा हक्क गीतकाराकडे किंवा त्याच्या प्रकाशकाकडे असतो, आणि छापण्याची परवानगी स्वतंत्रपणे मिळवावी लागते. पुनर्प्रकाशन दुसऱ्या कंपनीकडे गेले की हा टप्पा टाळला जाण्याचा संभव असतो. शब्द हा अल्बमचाच भाग आहे असे मी मानतो, त्यामुळे ही काटकसर मला पटत नाही.

प्रश्न : जपानी आवृत्तीतल्या कागदावर छापलेले बोल ऐकू येणाऱ्या शब्दांशी जुळत नाहीत. कोणावर विश्वास ठेवावा?

उत्तर : कानांवर. जपानी आवृत्त्यांमध्ये मूळ बोल आणि त्यांचा अनुवाद असलेला कागद घालण्याची उत्तम प्रथा आहे. परंतु मूळ अल्बममध्ये बोल छापलेले नसत, तेव्हा ते अनेकदा ऐकून उतरवले जात आणि ऐकण्यातल्या चुका छपाईत उतरत. तो कागद जपून ठेवावा, मात्र अधिकृत पाठ म्हणून त्याचा आधार घेऊ नये.

प्रश्न : रोलिंग स्टोन्सच्या ‘स्टिकी फिंगर्स’ या अल्बमच्या मुखपृष्ठावरची खरी धातूची चेन (झिप) काही प्रतींत अर्धी उघडलेली का असते? ती वर ओढून ठेवावी का?

उत्तर : ओढू नये. 1971 साली या प्रती एकावर एक रचून पाठवल्या गेल्या, तेव्हा चेनचा दाब तबकडीवर पडून ‘सिस्टर मॉर्फिन’ या गाण्याच्या खाचांना इजा होऊ लागली. त्यावर उपाय म्हणून चेन मध्यापर्यंत खाली ओढून प्रती पाठवण्यात आल्या. त्यामुळे दाब खाचांवर न पडता मधल्या लेबलावर पडतो. आपल्या प्रतीतही चेन तशीच राहू द्यावी, तबकडी वेगळ्या पाकिटात वेष्टनाच्या मागे ठेवावी, आणि शेजारच्या वेष्टनावर ओरखडे उमटू नयेत म्हणून मध्ये एक जाड पुठ्ठा घालावा.