सायकलवाला दिसला नाही म्हणजे नक्की काय झालं?

प्रश्न : दादा, माझी मुलगी नववीत आहे, सरकारच्या मानव विकास योजनेतून तिला सायकल मिळालीय. थंडीत क्लाससाठी सहाच्या आधीच अंधारात निघते, त्यात उसाचा सीझन, ट्रॅक्टर ट्रक सगळे त्याच रस्त्याला. मी तिला पोपटी जाकीट आणून दिलं तर सासरे म्हणतात बघायची जबाबदारी गाडीवाल्याची, पोरीला बुजगावणं करून कशाला पाठवतेस. कुणाचं खरं?
– एक आई, जि. परभणी

उत्तर : ताई, सासऱ्यांचं म्हणणं बरोबरच आहे, पण ते पटवायचं ट्रकवाल्याला आणि तो काय तुमच्या ओसरीवर यायचा नाही, म्हणून आपल्या हातात आहे तेवढं आपण करून घ्यायचं. फक्त ते पोपटी जाकीट अंधारात फारसं कामाचं नाही हो. तो रंग भडक दिसतो उन्हातल्या अतिनील किरणांमुळे, म्हणजे दिवसा, ढगाळ हवेत, दिवेलागणीच्या आधी एकदम मस्त, पण हेडलाईटमध्ये तो नुसता फिकट कपडा. जाकिटावर चंदेरी पट्टे असतील तर ते चमकतील, पण पाठीवर दप्तर अडकवलं की तेही झाकले.

त्यापेक्षा पायाला पट्टी बांधा. घोट्याला वेल्क्रोची चंदेरी पट्टी, दोन्ही पायांना, आणि पेडलला रिफ्लेक्टर. पेडल मारताना ते वरखाली वरखाली होतं ना, ते लांबून दिसलं की ड्रायव्हरच्या डोक्यात लगेच पेटतं की अरे हा माणूस आहे, मैलाचा दगड नाही. यावर ऑस्ट्रेलियात वगैरे बराच अभ्यास झालाय, छातीवरच्या पट्ट्यापेक्षा हलणाऱ्या सांध्यांवरची पट्टी जास्त लांबून ओळखू येते. आणि मागे लाल दिवा हवाच, चार्जिंगचा मिळतो दोन-तीनशेच्या आसपास, पुढे पांढरा. रिफ्लेक्टर दुसऱ्याचा उजेड पडला तरच चमकतो, आणि ज्या ट्रॅक्टरला एकच डोळा आहे आणि तोही वर आभाळाकडे, त्याच्यासमोर रिफ्लेक्टर काय करणार. एकदा सायकल अंधारात उभी करून तिला दप्तर, डबा, ओढणी सगळ्यासकट बसवा आणि मागून लांबून मोबाईलचा टॉर्च डोळ्याजवळ धरून बघा, बऱ्याचदा कॅरिअरवरच्या पिशवीनेच मागचा रिफ्लेक्टर झाकलेला असतो.

अजून एक, "समोरून येणारं दिसतं" म्हणून काही घरात पोरांना उजव्या बाजूने सायकल चालवायला सांगतात, ते नको. ते पायी चालणाऱ्यासाठी. सायकल डावीकडूनच. आणि उसाची ट्रॉली आणि रस्त्याची कड यांच्या मधल्या फटीत कधीच घुसायचं नाही, मोळ्या बाहेर लोंबत असतात आणि मागे जोडलेली दुसरी ट्रॉली वळताना आत येते. दर सीझनला ट्रॉल्यांना रिफ्लेक्टर लावायचे कार्यक्रम होतात, फोटो छापून येतात, मग आठ दिवसात त्यावर चिखल. सासऱ्यांचा गावात शब्द चालत असेल तर ट्रॅक्टरवाल्यांना तेवढे पुसून घ्यायला सांगायचं काम त्यांच्याकडे द्या.

प्रश्न : मी रोज रात्री ऑफिसमधून गाडी चालवत येतो. काळे कपडे, ना दिवा ना रिफ्लेक्टर असे सायकलवाले एकदम समोर येतात. उद्या काही झालं तर दोष माझाच? यांना दिवा कंपल्सरी का करत नाहीत?
– एक वाचक, पुणे

उत्तर : अहो तुमच्याच पुण्यात एकेकाळी बिनदिव्याची सायकल आणि डबलसीट यावर पोलीस पकडायचे, घरातल्या जुन्या माणसांना विचारा, डायनॅमोचे किस्से निघतील. त्यामुळे दिवा हवा यात वादच नाही. पण आता साधा हिशोब करू. ताशी ६० म्हणजे सेकंदाला जवळपास १७ मीटर. दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरा, २५ मीटर तिथेच गेले, मग कोरड्या रस्त्यावर थांबायला अजून २० तरी. झाले ४५. आणि डिपरच्या उजेडात काळे कपडे समजा ३० मीटरवर दिसले, तर "एकदम समोर आला" असं नाही, तुम्हीच उजेडाच्या पुढे पळत होता. तेवढ्या अंतरात थांबायचं तर स्पीड साधारण ४५ लागतो, पावसात त्याहून कमी. समोरच्याने अप्पर मारला आणि डोळे दिपले तर अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढायचाच, अंदाजाने पुढे जायचं नाही.

आणि हे सायकलवाले कोण असतात तेही बघा, हेल्मेट घालून रविवारी सिंहगडाकडे जाणारे नाहीत, त्यांच्याकडे तुमच्या माझ्यापेक्षा भारी दिवे असतात. रात्री अकराला दिसतो तो वॉचमन किंवा हॉटेलातला पोरगा. टू-व्हीलरला १ एप्रिल २०१७ पासून हेडलाईट कायम चालू असं कंपनीतूनच करून दिलं, मालकाने बटण दाबायचं लक्षात ठेवावं अशी अपेक्षाच ठेवली नाही. सायकलवाल्याला मात्र अजून आपण नुसती अक्कल शिकवतो. तुमच्या सोसायटीच्या वॉचमनला एक लाल दिवा घेऊन द्या, दंडापेक्षा लवकर काम होईल. आणि काच आतून पुसा, आतला तेलकट थर रात्री फार त्रास देतो. गाडीतून उतरताना दार लांबच्या हाताने उघडायचं, म्हणजे ड्रायव्हरने डाव्या, शेजारी बसलेल्याने उजव्या, की अंग आपोआप वळतं आणि मागून येणारी सायकल दिसते.

प्रश्न : भावाला सायकलवर असताना गाडीने उडवलं, पाय मोडला, गाडी पळून गेली. सायकलला दिवा नव्हता आणि इन्शुरन्स तर नसतोच. काही मिळेल का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : मिळेल. गाडी सापडलीच नाही तर हिट अँड रनच्या केंद्राच्या योजनेत गंभीर दुखापतीला ५० हजार आहेत, मृत्यूला २ लाख, एप्रिल २०२२ पासून. अर्ज तहसील किंवा प्रांत कार्यालयात, सोबत एफआयआर आणि हॉस्पिटलचे कागद, म्हणून एफआयआर झाली नसेल तर आधी ती करा. गाडी सापडली तर तिच्या थर्ड पार्टी इन्शुरन्समधून मोटार अपघात न्यायाधिकरणात दावा होतो, सायकलला इन्शुरन्स लागत नाही. दिवा नव्हता म्हणून समोरचा वकील तुमचीही चूक होती म्हणेल, रक्कम थोडी कमी होऊ शकते, पण तेवढ्यावरून दावा उडत नाही. डिस्चार्ज कार्ड आणि औषधांची बिलं जपून ठेवा, आणि उशीर करू नका.