३४ तास की ३८? दोन्ही आकडे खरे आहेत

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: अमेरिकेच्या श्रम सांख्यिकी विभागाच्या माहितीत एकाच महिन्याचे आठवडी कामाच्या तासांचे दोन आकडे सापडले, एक ३४च्या आसपास आणि दुसरा ३८च्या पुढे. यातला चुकीचा कुठला? शिवाय एक जोडप्रश्न आहे, की भारतातल्या पीएलएफएसच्या, म्हणजे नियतकालिक श्रमबल सर्वेक्षणाच्या, माहितीत महिन्याच्या कमाईला तासांनी भागलं तर तासाची मजुरी काढता येईल का. दुसऱ्याचं उत्तर शेवटी देतो, कारण पहिलं नीट कळलं की दुसरं अर्धं आपोआप सुटतं.

चुकीचा कुठलाच नाही. ३४चा आकडा मालकांकडून येतो आणि ३८चा कामगारांच्या घरातून. आस्थापनांच्या सर्वेक्षणात कंपनीच्या पगारपत्रकावरून विचारतात की महिन्याची १२ तारीख ज्या पगाराच्या कालावधीत येते, त्यात किती तासांचे पैसे दिले. घरोघरच्या सर्वेक्षणात, म्हणजे करंट पॉप्युलेशन सर्व्हेत, दरमहा सुमारे ६०,००० कुटुंबांना विचारतात की १२ तारखेच्या आठवड्यात घरातल्या प्रत्येकाने प्रत्यक्ष किती तास काम केलं. ऐकायला हे सारखंच वाटतं, पण पहिल्यात एकक ‘नोकरी’ आहे आणि दुसऱ्यात ‘माणूस’.

एक बाई सकाळी एका ठिकाणी आठवड्याला २५ तास आणि संध्याकाळी दुसरीकडे १५ तास काम करते असं धरा. घरी जाऊन विचारलं तर एक माणूस, ४० तास. मालकांना विचारलं तर दोन नोकऱ्या, सरासरी २० तास. बाई तीच आणि तिचे कष्टही तेवढेच, तरी सरासरी निम्मी झाली. त्यात मालकांच्या सर्वेक्षणातला तासांचा आकडा फक्त बिगरशेती खासगी क्षेत्राचा, तर घरोघरच्या सर्वेक्षणात शेतकरी, स्वतःचा धंदा करणारे, सरकारी नोकर असे सगळे येतात. आणि घरोघरची सरासरी काढताना त्या आठवड्यात रजेवर असलेले लोक बाजूला ठेवतात. मालकाच्या पगारपत्रकात मात्र भरपगारी रजासुद्धा ‘पैसे दिलेले तास’ म्हणून मोजली जाते. ही शेवटची गोष्ट फरक कमी करणारी आहे, म्हणजे ती नसती तर दोन आकडे आणखी लांब गेले असते.

याची एक गंमत सांगतो. अमेरिकेत सप्टेंबरचा पहिला सोमवार कामगार दिनाची सुट्टी असते. एरवी ती संदर्भ आठवड्याच्या, म्हणजे ज्या आठवड्याचे तास विचारतात त्याच्या, आधीच संपून जाते. पण हा सोमवार ७ तारखेला आला, जसा २०१५ आणि २०२० साली आला होता, की रविवार ६ ते शनिवार १२ हाच संदर्भ आठवडा ठरतो आणि सुट्टी नेमकी त्यात सापडते. त्या महिन्यात घरोघरच्या सर्वेक्षणात लोकांचे तास घटलेले दिसतात. कुणाचं काम गेलेलं नसतं, एक दिवस सुट्टी मिळालेली असते, इतकंच. पगारपत्रकात भरपगारी सुट्टीचे तास धरलेले असल्यामुळे तिथे तशी घट दिसत नाही. महिन्या-महिन्याच्या चढउतारावर लेख लिहिणाऱ्यांनी आधी कॅलेंडर उघडावं असं मी म्हणतो ते यासाठी.

‘कामाचे तास’ हा शब्द एकच असला तरी संकल्पना अनेक आहेत. कामगार संख्याशास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने २००८ साली यावर ठराव करून त्या वेगळ्या केल्या: प्रत्यक्ष केलेले तास, ज्यांचे पैसे मिळाले ते तास, कायद्याने किंवा सामूहिक कराराने ठरलेले तास, वैयक्तिक करारातले तास, नेहमीचे तास, जादा काम, गैरहजेरीचे तास. यातले प्रत्यक्ष आणि नेहमीचे हे दोनच बहुतेकांना लागतात, आणि नेमकी त्यांचीच गल्लत सगळ्यात जास्त होते. ‘नेहमी किती तास करता?’ याचं उत्तर सवयीने येतं, बहुधा ४० किंवा ४८ असा गोल आकडा. ‘गेल्या आठवड्यात किती केले?’ याला आठवावं लागतं: मंगळवारी लवकर निघालो होतो, शुक्रवारी रात्री थांबलो. अमेरिकेने १९९४ साली प्रश्नावली नव्याने बांधली तेव्हा आधी नेहमीचे तास, मग सुट्टी घेतली का, मग जादा काम केलं का, आणि त्यानंतर प्रत्यक्ष तास असा क्रम ठेवला तो या आठवणीला आधार द्यायलाच.

काय धरायचं याचीही व्याख्या असते. गिऱ्हाइकाची वाट बघत बसलेल्या दुकानदाराचे तास प्रत्यक्ष कामात येतात, यंत्र बंद पडल्यावर कामाच्या जागीच थांबलेल्या कामगाराचेही येतात, चहाची छोटी विश्रांतीसुद्धा येते. घर ते कामाची जागा हा प्रवास आणि जेवणाची मोठी सुट्टी मात्र येत नाही. आता उत्तर देणाऱ्याला हे कोण समजावून सांगतं? ‘सकाळी ८ला घर सोडतो, रात्री ८ला परत येतो, लिहा बारा तास.’ आणि प्रगणक घाईत असेल तर बारा लिहितोही.

मी बरीच वर्षं अशा सर्वेक्षणांची कच्ची माहिती चाळत आलो आहे. लोक म्हणतात कमाईच्या रकान्यावर विश्वास ठेवू नका, कारण कमाई कोण खरी सांगतो. माझं मत उलट आहे. पगारदाराला पगाराचा आकडा पाठ असतो. लपवायचा असेल तर तो सरळ सांगायचंच टाळतो, आणि ते टाळणं माहितीत दिसतं. तास मात्र कुणी लपवत नाही आणि कुणी मोजतही नाही. म्हणून तिथली चूक शांतपणे आत शिरते.

तरी कमाईचे घोळ कमी नाहीत. पहिला म्हणजे कपातीच्या आधीची की हातात पडलेली. १९७३च्या आंतरराष्ट्रीय ठरावानुसार कामगाराची कमाई म्हणजे कपातीच्या आधीची एकूण रक्कम, रोख आणि वस्तुरूपातली, भरपगारी रजेचे पैसे धरून, पण मालक सामाजिक सुरक्षेसाठी भरतो तो त्याचा हिस्सा सोडून. माणसाला आठवते ती खात्यात जमा झालेली रक्कम. दुसरा घोळ कालावधीचा. कुणाचा पगार तासावर, कुणाचा आठवड्याला, कुणाचा महिन्याला. अमेरिकेत १९९४पासून ज्याला जसं सांगायला सोपं जाईल तसं सांगू देतात आणि रूपांतर नंतर करतात. हे मला शहाणपणाचं वाटतं, कारण उत्तर देणाऱ्याला तोंडी भागाकार करायला लावला की माहितीचा बट्ट्याबोळ ठरलेला. तिसरा, उत्तर कोण देतं. घरात जो सापडला तो सगळ्यांचं सांगतो. भावाचा पगार ‘असेल पंधरा-वीस हजार’ असा येतो.

शिवाय कमाई सगळ्यांना विचारतही नाहीत. करंट पॉप्युलेशन सर्व्हेत एक कुटुंब चार महिने नमुन्यात असतं, मग आठ महिने बाहेर, मग पुन्हा चार महिने आत. आठवडी कमाईचा प्रश्न फक्त चौथ्या आणि आठव्या मुलाखतीत येतो, म्हणजे कुठल्याही महिन्यात जेमतेम पाव नमुन्याला, आणि स्वयंरोजगारी त्यातून वगळलेले. फार मोठ्या कमाया प्रसिद्ध होणाऱ्या फाइलीत एका मर्यादेवर छाटून ठेवतात, जेणेकरून माणूस ओळखू येऊ नये. म्हणून तिथल्या सरासरीपेक्षा मध्यक, म्हणजे सगळ्या कमाया चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, वापरलेला बरा. वरचं टोक छाटलं तरी मध्यक हलत नाही.

ब्रिटनने वेगळा रस्ता धरला. तिथे कमाईचं मुख्य सर्वेक्षण करनोंदीतून सुमारे १ टक्का नोकऱ्या निवडतं आणि दरवर्षी एप्रिलमधल्या पगाराची माहिती मालकाकडून घेतं. पगाराचा आकडा कागदावरून येतो, त्यामुळे चोख असतो. पण जो करनोंदीतच नाही, जो रोखीने काम करतो, जो स्वतःचा मालक आहे, तो त्यात नाही. ज्या देशात बहुसंख्य लोक असेच आहेत तिथे ही पद्धत चालणार नाही, तिथे घरोघर जाण्याला पर्याय नाही.

आता तुमचा जोडप्रश्न. पीएलएफएस एप्रिल २०१७मध्ये सुरू झालं. त्याआधी एनएसएसओच्या, म्हणजे राष्ट्रीय नमुना सर्वेक्षण कार्यालयाच्या, साधारण पंचवार्षिक फेऱ्या होत आणि त्यांत दिवसाचं काम अर्ध्या-अर्ध्या दिवसाच्या मापाने नोंदवत: चार तास किंवा जास्त असेल तर पूर्ण दिवस, एक ते चार तास असेल तर अर्धा. पीएलएफएसमध्ये गेल्या सात दिवसांतल्या प्रत्येक दिवसाचे प्रत्यक्ष तास विचारतात. ही मोठी सुधारणा आहे. पण कमाईचे कालावधी तीन आहेत. नियमित पगारदाराला मागच्या कॅलेंडर महिन्याची कमाई विचारतात, स्वयंरोजगाऱ्याला गेल्या ३० दिवसांची, आणि नैमित्तिक मजुराला त्या सात दिवसांतल्या मजुरीची.

म्हणजे मजुराच्या बाबतीत भागाकार चालतो, कारण ज्या दिवसाचे पैसे त्याच दिवसाचे तास. पगारदाराच्या बाबतीत अंश एका महिन्याचा आणि छेद दुसऱ्याच आठवड्याचा. तो त्या आठवड्यात लग्नाला गेला असेल तर छेद शून्य. चार दिवसच गेला असेल तर तासाचा दर एकदम फुगलेला. एका व्यक्तीचा दर म्हणून हा आकडा वापरू नका; मोठ्या गटांची एकूण कमाई आणि एकूण तास घेऊन गुणोत्तर काढलंत तर अशा चुका बऱ्याच पातळ होतात. आणि महिन्याचे आठवडे चार धरू नका. वर्षाचे ५२ आठवडे, भागिले १२, म्हणजे ४.३३. चार धरलेत तर प्रत्येकाची मजुरी फुकटात ८ टक्क्यांनी वाढते. ही चूक मी भल्याभल्यांच्या तक्त्यात पाहिली आहे, आणि एकदा माझ्याही.

भागाकाराचा आणखी एक सापळा आहे. खरे तास ४० असलेल्याने ५० सांगितले तर त्याचा तासाचा दर २० टक्क्यांनी कमी दिसतो. असे बरेच लोक असले की ‘जास्त तास राबणाऱ्याला तासाला कमी मिळतं’ असा निष्कर्ष माहितीतून आपोआप निघतो, प्रत्यक्षात तसं काही नसलं तरी. ब्रिटनच्या श्रमबल सर्वेक्षणात किमान वेतनाखाली किती लोक आहेत हे मोजताना याच अडचणीने छळलं. आठवडी पगाराला तासांनी भागून काढलेल्या दरात कमी पगारवाले वाजवीपेक्षा कितीतरी जास्त दिसत. शेवटी १९९९मध्ये, राष्ट्रीय किमान वेतन लागू झालं त्याच वर्षी, तासावर पगार घेणाऱ्यांना त्यांचा दर थेट विचारायचा प्रश्न घातला.

लोक तास खरंच वाढवून सांगतात का, यावर वाद आहे. दिवसभराची वेळेची डायरी भरून घेतली की सांगितलेले तास आणि डायरीतले तास जुळत नाहीत असं अनेक अभ्यासांत आलं, विशेषतः फार जास्त तास सांगणाऱ्यांचे. पण हार्ली फ्रेझिस आणि जे स्ट्युअर्ट या अमेरिकी श्रम सांख्यिकी विभागातल्या अर्थशास्त्रज्ञांनी २००४ साली वेळवापराच्या सर्वेक्षणाशी तुलना केली, तेव्हा नेमक्या संदर्भ आठवड्यांपुरते आकडे बरेच जुळले. फरक होता तो बाकीच्या आठवड्यांशी: १२ तारखेचा आठवडा बहुतेक मोठ्या सुट्ट्या चुकवतो, त्यामुळे तो मुळातच जास्त कामाचा आठवडा. म्हणजे दोष लोकांच्या जिभेचा कमी आणि आठवडा निवडण्याचा जास्त. युरोपीय संघात संदर्भ आठवडे वर्षभर सारखे पसरवतात ते यामुळेच पटतं.

स्वयंरोजगाऱ्यांचं मी मुद्दाम शेवटी ठेवलं. त्यांच्या कमाईत कष्टाचा मोबदला, गुंतवलेल्या पैशाचा परतावा आणि घरातल्या बिनपगारी हातांचं काम एकत्र मिसळलेलं असतं. दुकान नवऱ्याच्या नावावर, सकाळी चार तास बायको बसते, संध्याकाळी मुलगा. कमाई नोंदवली एकाच्या नावे, तास तिघांचे. त्या कमाईला फक्त नवऱ्याच्या तासांनी भागून आलेल्या आकड्याला तासाची मजुरी म्हणणं मला जमत नाही. तुमच्या तक्त्यात तो रकाना रिकामा ठेवा, किंवा कुटुंबाची कमाई भागिले कुटुंबाचे सगळे तास असा वेगळा रकाना करा आणि त्याला नावही वेगळं द्या.

तक्ता झाला की इथे टाका. पगारदारांच्या ओळीत शून्य तासवाले कसे हाताळलेत ते आधी बघेन.