तांदूळ पाचपट, मग पाणी किती?

प्रश्न : एक वाटी तांदळाला दोन वाट्या पाणी घातलं की भात छान मोकळा होतो. त्याच प्रमाणाने पाच वाट्यांना दहा वाट्या घातलं, तर गिचका झाला. असं का?

उत्तर : प्रमाण तेच ठेवलं म्हणूनच. पातेल्यातलं काही पाणी दाणा पितो, काही वाफ होऊन उडतं. तांदूळ वाढला की पिणं त्या मापात वाढतं. वाफ किती जाणार हे मात्र भांड्याचं तोंड, झाकण, आच आणि वेळ यांवर ठरतं. आत एक वाटी आहे की पाच, याने फारसा फरक पडत नाही.

आपल्या पातेल्याचा आकडा काढणं सोपं आहे. तेच भांडं, तोच तांदूळ, तीच आच ठेवून एकदा एक वाटी आणि एकदा दोन वाट्या शिजवा. समजा एकीला २ वाट्या पाणी लागलं आणि दोनला सव्वातीन. मधला फरक सव्वा वाटीचा, म्हणजे एक वाटी तांदूळ तेवढं पितो. २ मधून सव्वा गेली की उरते पाऊण वाटी, ती वाफेची. पाच वाट्यांना मग सव्वासहा अधिक पाऊण, एकूण ७ वाट्या. तुमच्या दहातल्या तीन वाट्यांना जायला वाटच नव्हती! पातेलं जास्त रुंद असेल तर अर्धी वाटी वाढवा. वाटी कोणतीही घ्या, फक्त तांदळाला आणि पाण्याला एकच हवी.

प्रश्न : तांदळावर बोटाचं एक पेर बुडेल इतकं पाणी ठेवतात. ते कितपत खरं?

उत्तर : एका ठराविक भांड्यापुरतं खरं. पेर साधारण अडीच सेंटिमीटर धरलं, तर १६ सेंटिमीटर व्यासाच्या पातेल्यात तांदळाच्या वर सुमारे ५०० मिलिलिटर पाणी राहतं. २४ सेंटिमीटरच्या पातेल्यात तेच ११०० च्या पुढे जातं. पसरट भांड्यात थोडाच तांदूळ असेल तर हमखास लगदा होणार. उंच भांड्यात बरेचदा जमून जातं, कारण पाण्याचा थर तेवढाच राहिला तरी दाण्यांमधल्या फटीत मुरणारं पाणी तांदळाबरोबर वाढत जातं. भांडं बदललं की मात्र बोट विसरा, वाटी घ्या.

प्रश्न : तांदूळ भिजवला तर पाणी कमी करायचं का?

उत्तर : भिजवलेलं पाणी काढून टाकत असाल तर हो. अर्ध्या तासात दाणा बरंच पाणी पिऊन बसलेला असतो, शिवाय नीट निथळलं नाही तर दाण्यांना चिकटलेलंही भांड्यात येतं. वाटीमागे पाव वाटी कमी करून पाहा. माप नेहमी कोरड्या तांदळाचं, भिजवण्याआधी घ्यायचं. मोजून घातलेल्या पाण्यातच भिजवून तेच चुलीवर ठेवलं तर काहीच कमी करायला नको. नव्या तांदळालाही पाणी थोडं कमी लागतं, जुना जास्त पितो. हातसडीचा शिजायला वेळ घेतो, त्यामुळे वाफेचा वाटा वाढवावा लागतो.

प्रश्न : खाली लागतो आणि वर कणी राहते. पाणी कमी पडतं का?

उत्तर : बहुधा आच जास्त असते, किंवा झाकण सारखं उघडलं जातं. उकळी आली की आच अगदी मंद करा, घट्ट झाकण ठेवा. गॅस बंद केल्यावर दहा मिनिटं भांडं उघडू नका. वरच्या शितांना ओलावा तेव्हा पोचतो. तरीही कणी राहिलीच तर दोन-तीन चमचे कडकडीत पाणी शिंपडून पाच मिनिटं वाफ द्या. गार पाणी घातलं तर भांड्यातली वाफ बसते. आणि डाव घालून ढवळू नका, शितं मोडून चिकट होतात. करपलेला थर तसाच तळाशी राहू द्या, वरचा भात अलगद काढून घ्या.