पहिल्या स्प्रिंट ट्रायथलॉनसाठी आठवड्यात तीन टेम्पो वर्कआउट केले तर चालतील का?

नका करू. तुमची स्प्रिंट ट्रायथलॉन आहे ना, म्हणजे ७५० मीटर पोहणं, २० किमी सायकल आणि ५ किमी पळणं, त्याला आठवड्यात एक टेम्पो पुरे, फार तर दोन, तेही एक पळण्याचा आणि एक सायकलचा, बाकी सगळं आरामात.

टेम्पो म्हणजे जीव तोडून पळणं नाही हो, इथेच बरेच जण चुकतात (मीपण). पळताना तीन-चार शब्द बोलता आले पाहिजेत पण गप्पा मारता येता कामा नयेत, तो वेग. आधी १० मिनिटं हळू, मग ८-८ मिनिटांचे दोन तुकडे, मधे २ मिनिटं जॉगिंग, शेवटी परत १० मिनिटं हळू, आणि असं वाढवत वाढवत काही आठवड्यांत सलग २० मिनिटांवर न्यायचं. दुसऱ्या तुकड्यात वेग पडला तर समजा पहिला उगाच ताणला.

सायकलवर टेम्पो जास्त परवडतो, गुडघ्यांना मार बसत नाही. अधूनमधून सायकलचा टेम्पो संपला की लगेच शूज बदलून १० मिनिटं पळून बघा, पाय अक्षरशः लाकडाचे होतात, मला पहिल्यांदा वाटलं काहीतरी बिघडलंच, पण थोड्या वेळात सुटतात.

पोहण्यात मात्र टेम्पोबिम्पो नंतर, दोन लॅपमधे दम लागत असेल तर आधी श्वास आणि टेक्निक. आणि शेवटच्या आठवड्यात सगळं निम्म्यावर आणा, कितीही हात-पाय शिवशिवले तरी.