वर्षातून एक शिबिर की आठवड्यातून तीन वर्ग?

प्रश्न : आमचा ज्येष्ठ नागरिक संघ दर १ ऑक्टोबरला आरोग्य शिबिर घेतो. रक्तदाब, साखर, डोळे तपासतो. तरी गेल्या पावसाळ्यात आमचे तीन सभासद घरातच पडले, एकाचं खुब्याचं हाड मोडलं. यंदा थोडी वर्गणी जास्त जमली आहे. शिबिरात आणखी कोणत्या तपासण्या वाढवाव्यात?
– संघाचे कार्यवाह, सांगली जिल्हा

उत्तर : कार्यवाहसाहेब, नमस्कार. तपासण्या वाढवू नका. साखर आणि रक्तदाब आयुष्मान आरोग्य मंदिरात, म्हणजे जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात, मोफत तपासून मिळतात, तेही वर्षभर. तुमची माणसं पडताहेत, तर पैसा आणि वेळ त्यांच्या पायांवर घाला. शिबिराऐवजी आठवड्यातून तीन दिवस व्यायामाचा वर्ग सुरू करा.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. आमच्या गावी विठ्ठलमंदिराच्या सभामंडपात सोमवार, बुधवार, शुक्रवार असा वर्ग भरतो. वेळ सकाळी साडेनऊची, कारण त्याआधी पाणी भरणं, नातवंडांचे डबे यांतून बायका मोकळ्या होत नाहीत. तुमच्या संघात पुरुषच जास्त असतील तर ही वेळ त्यांच्या सोयीने ठरवू नका. घरी थांबलेल्या बायकांचीही हाडं ठिसूळ होत असतात.

पहिला व्यायाम खुर्चीतून उठण्याचा. हात छातीवर घडी घालून, कशालाही न टेकता उठायचं आणि सावकाश बसायचं. धपकन बसलं की अर्धा व्यायाम वाया जातो. प्लास्टिकच्या खुर्च्या नकोत, त्या सरकतात. लाकडी किंवा लोखंडी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. पहिल्याच दिवशी प्रत्येकाला ३० सेकंदांत किती वेळा उठता येतं ते वहीत लिहा. सत्तर ते चौऱ्याहत्तर वयात बायकांचा आकडा १० पेक्षा आणि पुरुषांचा १२ पेक्षा कमी आला, तर पडण्याचा धोका आहे असं समजतात. दोन-तीन महिन्यांनी पुन्हा मोजा. आपला आकडा वाढलेला दिसला की माणसं वर्ग चुकवत नाहीत.

मग भिंतीजवळ उभं राहून टाचा उचलणं, एका पायावर उभं राहणं, आणि एका पावलाच्या अंगठ्याला दुसऱ्याची टाच लावत सरळ रेषेत चालणं. प्रत्येकाशेजारी एक धडधाकट माणूस हवाच. साडी घोट्याच्या वर खोचायला सांगा, धोतराचा सोगाही. छातीत दुखतं, दम लागतो किंवा नुकतंच ऑपरेशन झालंय, त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं.

नुसतं सकाळचं फिरणं यासाठी पुरत नाही, तोल आणि ताकद दोन्हींचा सराव लागतो. २०१९ साली कॉक्रेन या संस्थेने शंभरावर चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला, त्यात व्यायाम करणाऱ्या ज्येष्ठांमध्ये पडण्याचं प्रमाण जवळपास पाव हिश्श्याने कमी आढळलं. एवढा गुण देणारी एखादी गोळी असती तर आपण रांगा लावल्या असत्या!

गोळ्यांवरून आठवलं. रक्तदाबाच्या, झोपेच्या आणि प्रोस्टेटच्या काही गोळ्यांनी उठल्यावर चक्कर येते. आरोग्य मंदिरातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांना विनंती करा की रक्तदाब बसून आणि उभं राहून असा दोनदा मोजावा. फरक मोठा निघाला तर डॉक्टर गोळी किंवा तिची वेळ बदलतात. मनाने गोळी बंद मात्र कुणी करू नये. जे वर्गाला येत नाहीत त्यांची घरं आशाताईंना माहीत असतात, त्यांना सोबत घ्या.

उरलेल्या पैशांतून सभासदांच्या मोरीत आणि संडासात भिंतीला पक्के दांडे बसवून द्या. टॉवेल वाळत घालायचा दांडा त्यासाठी चालत नाही, वजन आलं की तो उपटून हातात येतो.

प्रश्न : सासूबाई दिवाळीत पडल्या. हाड मोडलं नाही, पण तेव्हापासून ओसरीच्या पुढे जात नाहीत. वर्गाला चला म्हटलं की रागावतात. काय करू?
– एक सून, वाई

उत्तर : ताई, तो राग नाही, भीती आहे. आणि भीतीने बसून राहिलं की मांड्यांची ताकद जाते, मग खरंच तोल जातो. त्यांना लगेच वर्गाला नेऊ नका. घरीच, ओट्याला दोन्ही हातांनी धरून, तुम्ही पोळ्या लाटत असताना दहा वेळा टाचा उचलायला सांगा. तुम्ही शेजारी असलात की धीर येईल. त्या का पडल्या, तेही शोधा: ओला उंबरा, रात्री लघवीला उठतानाचा अंधार, की मागे पट्टा नसलेली चप्पल? जे कारण असेल ते या आठवड्यातच दुरुस्त करा. पुढे त्यांच्या वयाची, वर्गाला जाणारी एखादी मैत्रीण घरी बोलवा. सुनेचं न ऐकणारी सासू मैत्रिणीचं ऐकते, हे मी पुष्कळ घरांत पाहिलंय.