डिझेल ट्रक किती खोल पाण्यातून सुरक्षित काढता येतो?

तुम्ही विचारलंय की गंगाखेडच्या बाजूला सप्टेंबरात रस्त्यावर पाणी आलं तर ट्रक किती पाण्यातून काढावा, आणि ‘डिझेल गाडी पाण्यात बंद पडत नाही’ हे खरं का.

अर्धंच खरं. डिझेलला स्पार्क प्लग नसतो, त्यामुळे भिजून ठिणगी जाण्याचा प्रश्न नाही. पण इंजिनाला हवा लागतेच. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी गेलं की वर येणारा पिस्टन अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. मोठ्या गाडीचं हवा घेण्याचं तोंड बहुधा केबिनमागे उंचावर असतं, म्हणून ड्रायव्हर निर्धास्त राहतो. पण एअर क्लिनरकडून टर्बोकडे (इंजिनात हवा ढकलणाऱ्या पंख्याकडे) जाणारा रबरी होज बराच खाली असतो. तो चिरला असेल किंवा क्लॅम्प ढिला असेल तर पाणी तिथूनच आत शिरतं. पावसाळ्याआधी तो हाताने चाचपून बघाच.

साचलेलं पाणी चाकाच्या हबच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाच्या, वर असेल तर मी गाडी घालत नाही. वीस इंची रिमच्या टायरला ते साधारण दीड फूट. त्याहून कमी पाण्यातही खालचा रस्ता ओळखीचा असला तरच घालतो.

वाहत्या पाण्यात मात्र मी गाडी घालतच नाही, आणि तुम्हीही घालू नका. पाण्याचा वेग दुप्पट झाला की रेटा चौपट होतो. गाडीचा एक घनमीटर भाग बुडाला की तिचं एक टन वजन पाणी उचलून धरतं, म्हणून रिकामी गाडी आधी सरकते. आणि आपल्याकडच्या नळकांडी पुलांचा खरा धोका पुलाच्या तोंडाशी असतो. खालचा भराव वाहून गेलेला असतो, वर डांबर तसंच राहतं, आणि गढूळ पाण्यात काहीच दिसत नाही. त्यात जायकवाडी किंवा माजलगाव धरणाचे दरवाजे उघडले की तुमच्या डोक्यावर ऊन असतानाही गोदावरी चढते. पलीकडून एखादी गाडी आली म्हणजे तुमचीही जाईल असं नाही. भाडं बुडू द्या.

साचलेल्या पाण्यातून जायचंच तर पहिला किंवा दुसरा गिअर टाकून माणसाच्या चालीने, एकसारख्या ॲक्सिलरेटरवर जा. मध्ये गिअर बदलू नका, क्लच दाबू नका. समोरून गाडी येत असेल तर तिला आधी येऊ द्या, तिची लाट बोनेटवर चढते.

गाडी पाण्यात बंद पडली तर सेल्फ मारू नका, धक्काही नको. पाणी आत असेल तर रॉड तेव्हाच वाकतो. पाणी वाढत असेल तर आधी तुम्ही आणि क्लीनर बाहेर पडा. गाडी नंतर ट्रॅक्टरने ओढता येते.

बाहेर आल्यावर हळू चालवत ब्रेक हलके दाबून लायनर वाळवा. मग डिफरन्शियल, म्हणजे मागच्या ॲक्सलमधला गिअरचा गोळा, बघा. हौसिंग तापलेलं असताना थंड पाण्यात गेलं की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून (हवा जाण्यायेण्याच्या भोकातून), सीलमधून पाणी ओढलं जातं. ऑइल चहासारखं दुधी दिसलं तर पुढच्या फेरीआधी बदलून घ्या, नाहीतर बेअरिंग आणि क्राऊन-पिनियन (आतले गिअर) दोन्ही जातील. डिझेल फिल्टरखालचं पाणीही त्याच वेळी सोडून द्या.