वाचक विचारतात : निधी मंजूर झाला, मग गावात दिसत का नाही?

या वेळी आलेल्या पत्रांतली निम्म्याहून जास्त राज्य सरकारच्या निधीबद्दल होती. गावासाठी पैसे येतात म्हणतात मग ते जातात कुठे, असा सगळ्यांचा सूर. त्यातली चार पत्रं घेतलीत.

प्रश्न : ताई नमस्कार. दीड वर्षापूर्वी आमच्या गावात फ्लेक्स लागला, सभामंडप आणि अंतर्गत रस्ता '२५-१५ मधून मंजूर', नारळ पण फुटला. आता फ्लेक्स फाटून गेला तरी काम सुरू नाही. सरपंच म्हणतात वरून पैसे आले नाहीत, पंचायत समितीत गेलो तर म्हणे ग्रामपंचायतीला विचारा. पैसे कोणी खाल्ले का?
– एक वाचक, बीड जिल्हा

उत्तर : दादा, खाल्ले की नाही हे नंतर बघू, आधी ते निघाले का ते बघायला लागेल, कारण माझा अनुभव असा की दहातल्या सात-आठ तक्रारींत पैसे निघालेलेच नसतात. 'मंजूर' या एका शब्दाने लोकांची फार फसगत होते.

२५-१५ म्हणजे ग्रामविकास विभागाचं लेखाशीर्ष २५१५, म्हणजे बजेटमधलं खर्चाचं खातं. लोकप्रतिनिधींनी सुचवलेली गावातली मूलभूत कामं यातून होतात, रस्ता, गटार, सभामंडप, स्मशानभूमीचं शेड वगैरे. आमदार पत्र देतात, यादी मंत्रालयात जाते, मग जीआर निघतो आणि त्याला तक्ता जोडलेला असतो, तालुका, गाव, काम, रक्कम. फ्लेक्स बहुतेक वेळा इथेच लागतो. पण खरं काम यापुढे असतं, आधी तांत्रिक मान्यता, मग टेंडर, मग वर्क ऑर्डर, काम झालं की इंजिनिअर येऊन एमबीत म्हणजे मोजमाप पुस्तिकेत नोंद करणार, मग बिल, आणि ते बिलही बीडीएसवर, म्हणजे सरकारच्या निधी वाटपाच्या ऑनलाइन प्रणालीवर, पैसे पडले असतील तरच निघणार. पूर्ण रक्कम एकदम खाली येतेच असं नाही, टप्प्याटप्प्याने येते आणि ठेकेदाराला वाटलं की बिल अडकणार तर तो सुरुवातच करत नाही.

तुमच्या सभामंडपाच्या बाबतीत अजून एक विचारा, जागा कोणाच्या नावावर आहे? जागा गायरान असेल तर ती ग्रामपंचायतीच्या मनाने वापरता येत नाही, महसूल खात्याची परवानगी लागते आणि ती फाइल एकदा बसली की बसलीच. मी बघितलेल्या एका गावात सभामंडपाचे पैसे होते, ठेकेदार होता, सळया पण येऊन पडल्या होत्या, आणि जागेचा उताराच नव्हता. सळया दोन पावसाळे खात तिथेच गंजल्या. वाईट वाटतं असं बघून, कारण ज्या गावाचा कागद तयार होता त्या गावाला तोच निधी कामी आला असता.

तर आता 'पैसे कुठे गेले' असं विचारू नका, 'काम कोणत्या टप्प्यावर आहे' असं विचारा, याला उत्तर द्यावंच लागतं. तोंडी देत नसतील तर माहिती अधिकारात अर्ज टाका, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. आपल्या राज्याच्या नियमात एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्दांची मर्यादा आहे, म्हणून रस्ता आणि मंडप असे वेगवेगळे दोन अर्ज करा. प्रशासकीय मान्यतेचा आदेश, वर्क ऑर्डर, एमबीची पानं, दिलेल्या बिलांच्या प्रती, एवढंच मागा. ३० दिवसांत उत्तर यायला हवं. आणि त्यात काम पूर्ण दाखवून बिल काढलेलं निघालं, तर मग तुमची शंका खरी होती आणि पुढची तक्रार करायला तुमच्या हातात कागद आहे.

प्रश्न : आम्ही दहा जणींचा बचत गट आहे, आठ वर्षं झाली, मसाला आणि पापड करतो. आता शेड आणि मशीन घ्यायचंय. एक जण म्हणतो ३५ टक्के सबसिडी मिळवून देतो, आधी पाच हजार द्या. देऊ का?
– एक वाचक, सोलापूर जिल्हा

उत्तर : ताई, एक रुपया पण देऊ नका. तो बोलतोय ती बहुधा मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमाची सबसिडी, राज्याने २०१९ मध्ये सुरू केलेली. अर्ज ऑनलाइन असतो, जिल्हा उद्योग केंद्रात जाऊन विचारलं तर तिथले लोक सांगतात कसा भरायचा. एकीच्या नावाने भरायचा की गटाच्या, ते पण तिथेच विचारून ठरवा.

३५ टक्के हा आकडा खोटा नाही, ग्रामीण भागातल्या महिलांना तेवढी मिळते, पाच टक्के आपले घालायचे आणि बाकीचं बँकेचं कर्ज. पण ही सबसिडी हातात येत नाही हे तो माणूस सांगणार नाही. ती बँकेत वेगळी ठेवतात आणि धंदा तीन वर्षं चालू राहिला तर कर्जात वळती होते. म्हणजे शेवटी सगळं बँक कर्ज देते का यावर आहे, आणि बँक बघते तुमचा गट. आठ वर्षांची वेळेवर भरलेली हप्त्यांची वही, प्रोसिडिंग बुक, मागच्या कर्जाची परतफेड, हीच तुमची पत. ती घेऊन मॅनेजरसमोर बसा, दोघी-तिघी मिळून जा. छोटी रक्कम हवी असेल तर उमेद म्हणजे बचत गटांसाठीच्या सरकारी अभियानाच्या, गावात काम करणाऱ्या सीआरपी ताईंकडून गटाचं बँक कर्ज सोपं पडेल.

आणि शेड बांधायच्या आधी वीज बघा, हे मी अगदी हात जोडून सांगते. एका तालुक्यात सरकारी पैशातून महिलांसाठी छान गाळे बांधले होते, फरशी, शटर, बाहेर रंगवलेली पाटी, आत डंख (कांडप यंत्र) आणि पल्व्हरायझर (दळायचं यंत्र) प्लास्टिकसकट तसेच उभे. थ्री फेज कनेक्शनच नव्हतं, खांब पाऊण किलोमीटर लांब, आणि एस्टिमेटमध्ये त्याचा खर्च कोणी धरलाच नव्हता. उद्घाटन झालं, फोटो झाले, बायका मात्र घरीच खलबत्त्यात कांडत होत्या. योजना कागदावर शंभर टक्के पूर्ण. म्हणून तुमच्या प्रकल्प अहवालात मशीनच्या आधी वीज, पाणी आणि माल कुठे विकणार हे लिहा.

प्रश्न : माझ्या पगारातून महिन्याला २०० रुपये प्रोफेशनल टॅक्स कापतात, फेब्रुवारीत ३००. याचं गावाला काही होतं का?
– एक वाचक, पिंपरी

उत्तर : होतं, आणि याचा इतिहास मला फार अभिमानाचा वाटतो. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला, पाझर तलाव खोदायला लाखो माणसं उतरली तेव्हा राज्याने रोजगार हमी उभी केली, तिच्यामागे वि. स. पागे यांचा विचार होता. पैसे कुठून आणायचे, तर १९७५ मध्ये व्यवसाय कराचा, म्हणजे तुमच्या प्रोफेशनल टॅक्सचा कायदा झाला, शहरात पगार घेणाऱ्याने थोडं द्यायचं आणि सरकारने त्यात तेवढीच भर घालायची. १९७७ ला हमीचा कायदा झाला, १९७९ पासून लागू. देशाचा रोजगार हमी कायदा २००५ ला आला, म्हणजे आपण कितीतरी आधी. पुढे १९९० पासून याच हमीतून फळबाग लागवड जोडली, कोकणातल्या कितीतरी आंबा-काजूच्या आणि कोरडवाहू भागातल्या डाळिंब-सीताफळाच्या बागा त्यातून उभ्या राहिल्या. रस्ता दोन पावसाळ्यांत उखडतो पण बाग वीस वर्षं उत्पन्न देते, म्हणून मला वाटतं गावासाठी राज्याने केलेल्या खर्चातला हा सगळ्यात कामाला आलेला खर्च.

प्रश्न : आमचा पाडा पेसात (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा) आहे. पाच टक्के निधी थेट येतो म्हणतात, आम्हाला कधी कोणी विचारलं नाही.
– एक वाचक, पालघर जिल्हा

उत्तर : दादा, येतो. एप्रिल २०१५ च्या निर्णयापासून आदिवासी उपयोजनेतला, म्हणजे आदिवासींसाठी राज्याने वेगळ्या ठेवलेल्या पैशांतला, पाच टक्के अबंध निधी पेसा ग्रामपंचायतींना लोकसंख्येप्रमाणे मिळतो. 'अबंध' म्हणजे वरून काम ठरवून येत नाही, पायाभूत सुविधा, वनहक्क आणि पेसाची अंमलबजावणी, आरोग्य-शिक्षण, वनसंवर्धन अशा विषयांत काय करायचं ते तुमच्या ग्रामसभेने ठरवायचं. तुम्हाला विचारलं नाही याचा अर्थ बहुतेक ग्रामसभा कागदावरच झाली. पुढची ग्रामसभा कधी आहे ते ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडून (पूर्वीचे ग्रामसेवक) लेखी घ्या, पाड्यातल्या बायका-माणसं सगळे जा, आणि मागच्या सभेचं प्रोसिडिंग तिथेच मोठ्याने वाचायला सांगा. त्यात तुमच्या सह्या-अंगठे आहेत का ते बघा आणि मला परत लिहा.